'जुळे'ची तपासणी: दोन ओळींपासून उलटं वाचत गेलेलं एक प्रकरण

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्याच्या आत मामांची डिस्क रिकामी व्हायला हवी होती. मामा माझे नव्हेत, माझ्याकडे कोड घेऊन आलेल्या पोराचे. त्यांचा उदगीरला फोटो स्टुडिओ. भाचा नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी लातूरला घरून नोकरी करतो, सिस्टिम प्रोग्रॅमिंगची. ओळखीतून ओळख निघाली आणि एका रविवारी सकाळी पोरगा लॅपटॉप घेऊन दारात उभा.

"भैय्या, टेस्ट तर सगळ्या पास व्हायलेत. फक्त एकदा नजर मारा."

प्रोग्रॅमचं नाव त्यानं 'जुळे' ठेवलं होतं. सी भाषेत, साधारण चारशे ओळी, टर्मिनलवरून चालवायचा. फोल्डर द्यायचा, 'जुळे' त्यातल्या तंतोतंत सारख्या फाईली शोधणार, प्रत्येक गटातली एक ठेवणार आणि बाकीच्यांच्या जागी हार्ड लिंक बसवणार. म्हणजे फोटो सगळ्या फोल्डरांत दिसत राहतो, पण डिस्कवर जागा एकदाच खातो. स्टुडिओत डुप्लिकेट का साठतात हे वेगळं सांगायला नको. कार्डवरून उतरवलेले 'ओरिजनल', पार्टीला दाखवायला एक कॉपी, पार्टीनं निवडलेले 'सिलेक्शन', अल्बमवाल्याला पाठवलेले, पेनड्राइव्हवर द्यायला काढून ठेवलेले. एकच फोटो पाच ठिकाणी.

असे प्रोग्रॅम आधीच आहेत: फड्यूप्स, जेड्यूप्स, आरडीफाइंड. आरडीफाइंड तर हार्ड लिंकही करून देतं. मी ते बोललो. तो म्हणाला, "मला स्वतःला लिहून बघायचं होतं." मला तेवढं कारण पुरलं.

खालून वर

फाईल पुसणारा प्रोग्रॅम मी मेनपासून, म्हणजे तो जिथून सुरू होतो त्या फंक्शनपासून, वाचायला घेत नाही. वरून वाचलं की लिहिणाऱ्याच्या मनातली गोष्ट आपल्यालाही पटत जाते आणि शेवटाला पोचेपर्यंत आपण त्याच्या बाजूचे होऊन जातो. म्हणून मी पुसणारी ओळ शोधतो आणि तिथून उलटा चालतो. ही ओळ चालूनही कुणाचं काही जाऊ नये, तर इथं पोचेपर्यंत काय काय खरं असायला पाहिजे?

चारशे ओळींत पुसणारी ओळ एकच होती. तिच्या खाली, हार्ड लिंक बसवणारी तिची जोडीदार:

अनलिंक(दुसरी);
लिंक(पहिली, दुसरी);

इथं चार गोष्टी खऱ्या लागतात. पहिली आणि दुसरी या खरोखर दोन वेगळ्या फाईली आहेत. दोघींतला मजकूर सारखा आहे. लिंक होणारच आहे. आणि या दोन ओळींच्या मध्ये काही घडणार नाही. शेवटची तर आमच्याकडे कुणी धरूनच चालू नये. पोरगा बसला होता त्या तासाभरात लाईट दोनदा गेली.

कोडात यातली फक्त दुसरी गोष्ट तपासली होती, तीही अर्धवट.

मी एक रिकामं फोल्डर केलं, नाव 'लग्न'. त्यात 'हळद' नावाचं फोल्डर, त्यात एकच फोटो. आणि आज्ञा दिली: जुळे लग्न लग्न/हळद. 'जुळे'नं ऐटीत सांगितलं की एक जोडी सापडली आणि इतकी जागा वाचली. 'हळद' उघडलं तर आत काही नाही. फोटो गेला.

झालं असं की दोन्ही फोल्डर दिल्यामुळे तो एकच फोटो दोनदा मोजला गेला. आकार सारखा, हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) सारखा, म्हणून जोडी. मग 'दुसरी' पुसली. पण 'पहिली' तीच होती. पुढची लिंक करायला मूळच उरलं नव्हतं, आणि लिंक फसली हे त्या फंक्शननं परत केलेल्या उत्तरात होतं, पण ते उत्तर कुणी वाचतच नव्हतं.

पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "दोन्ही पाथ सारखे असले तर सोडून देतो. स्ट्रिंग कम्पेअर लावतो."

मी तीच आज्ञा पुन्हा दिली, फक्त दुसऱ्या पाथच्या, म्हणजे पत्त्याच्या, आधी टिंब आणि तिरकी रेघ टाकली. आता अक्षरं वेगळी, फाईल तीच. स्ट्रिंग कम्पेअर असतं तरी फोटो गेलाच असता. शिवाय त्यानं फाईलची माहिती काढायला एलस्टॅट ऐवजी स्टॅट वापरलं होतं, म्हणजे सिमलिंकच्या (दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणाऱ्या नावाच्या) पलीकडे जाऊन बघणारं. डेस्कटॉपवर 'आजचं काम' अशी एखादी सिमलिंक असली की तिच्यातून पुन्हा तेच फोल्डर तिसऱ्या नावानं समोर येणार.

त्याला मी सातबाऱ्याचा दाखला दिला. सातबाऱ्यावर 'बाबुराव', आधारवर 'बाबूराव', रेशन कार्डावर नुसतं 'बाबू'. माणूस एकच. पीक विम्याच्या वेळी त्या उकारावरून किती खेटे पडतात हे त्याच्या घरी माहीत होतंच. जमिनीचं मात्र असं नसतं, गट नंबर एकच. फाईलचा गट नंबर म्हणजे आयनोड. डिरेक्टरी ही फक्त यादी आहे: हे नाव, हा आयनोड नंबर. एकाच नंबरासमोर दोन नावं असली तर ती हार्ड लिंक. आणि पुसायच्या फंक्शनचं नाव 'डिलीट' न ठेवता 'अनलिंक' ठेवलंय ते उगाच नाही. ते फाईल पुसत नाही, यादीतलं एक नाव खोडतं. शेवटचं नाव खोडलं गेलं आणि फाईल कुणी उघडून बसलेलं नसलं की मगच जागा मोकळी होते.

म्हणून दोन फाईली एकच आहेत का हे नावावरून विचारायचंच नाही. डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबर, दोन्ही जुळले तर ती एकच फाईल, हात लावायचा नाही. दोन्ही अशासाठी की आयनोड नंबर एका फाईल सिस्टिमपुरताच (डिस्कवर फाईली मांडायच्या एका व्यवस्थेपुरताच) वेगळा असतो. दुसऱ्या डिस्कवर तोच नंबर खुशाल दुसऱ्या कुणाचा असू शकतो, जसा गट नंबर दर गावात नव्यानं सुरू होतो.

वाचता येईना, पण पुसता येतंय

मजकूर ओळखायला त्यानं एमडी५ ही हॅश काढायची पद्धत वापरली होती. असा कोड दहा जणांना दाखवला तर नऊ जण पहिला शेरा इथंच मारतील. एमडी५ला २००४ सालीच चिनी संशोधकांनी टकरी काढून दाखवल्या, म्हणजे मजकूर वेगळे पण हॅश एकच. बरोबर आहे. पण मामांच्या डिस्कवर कुणी मुद्दाम घडवलेल्या फाईली आणून टाकणार नव्हतं, आणि तसंही पुसायच्या आधी दोन्ही फाईली बाइट-न्-बाइट ताडून बघायला किती वेळ लागतो? ते ताडणं मी घालायला लावलं. हॅश कोणतं यावर मग भांडायचं कारण उरलं नाही.

खरी खोट हॅशमध्ये नव्हतीच, ती वाचण्यात होती. फाईल उघडली नाही किंवा मध्येच वाचताना एरर आली, तर त्याचं फंक्शन लूपमधून बाहेर पडत होतं आणि तोवर जे वाचलं त्याचा हॅश देत होतं. काहीच वाचलं नसलं तर रिकाम्या मजकुराचा हॅश. त्याची सुरुवात 'डी४१डी८सीडी९८' अशी होते. ज्यानं एमडी५ काही दिवस हाताळलंय त्याच्या ती डोळ्यांत बसलेली असते. त्याच्या डीबग प्रिंटमध्ये ती मला लांबूनच दिसली.

दोन वेगळ्या फाईली घेतल्या, एकाच आकाराच्या, आणि दोन्हींची वाचायची परवानगी काढून टाकली. 'जुळे' म्हणालं, जोडी सापडली. एक पुसली.

"पण परवानगीच नाही तर पुसली कशी?" पोराचा प्रश्न रास्त होता, आणि लिनक्सवर दोन-चार वर्षं काढलेलीही इथं अडखळतात. नाव खोडायला फाईलची परवानगी लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीत लिहायची परवानगी लागते. यादी तुमची, खोडणारे तुम्ही. म्हणजे जी फाईल तुम्हाला उघडूनही बघता येत नाही ती तुम्ही पुसू शकता. जुन्या डिस्कवर खराब सेक्टर पडले की हेच परवानगीचा प्रश्न नसतानाही घडेल: ज्या फोटोंना आधीच धोका, नेमके तेच एकमेकांचे जुळे ठरणार.

वाचता आलं नाही तर हॅश नाही, आणि हॅश नाही तर ती फाईल कुठल्याच गटात नाही. दुरुस्ती सहा ओळींची. रिकाम्या, शून्य बाइटच्या फाईलींनाही याच हिशेबात वगळायला सांगितलं. त्या सगळ्या एकमेकींच्या जुळ्या असतात आणि त्यातून एका बाइटचीही जागा वाचत नाही.

नवऱ्याकडचे

चौदाच्या चौदा टेस्टमध्ये फाईलींची नावं ए, बी, सी. मामांच्या डिस्कवर फोल्डरची नावं अशी: 'चि. अमुक आणि चि.सौ.कां. तमुक शुभविवाह सोहळा', त्यात 'हळद व मांडव', त्यात 'नवऱ्याकडचे', त्यात 'सिलेक्शन फायनल', त्यात 'सिलेक्शन फायनल नवीन'.

पाथसाठी त्यानं २५६ बाइटची जागा ठेवली होती. इंग्रजी नावांना ती ऐसपैस वाटते. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे अख्ख्या पाथला ८५ चिन्हं. लग्नाच्या फोल्डरच्या नावातच निम्मी संपतात. पुढचा पाथ मुकाट्यानं कापला जात होता, कापलेल्या पाथवर फाईल सापडत नव्हती, आणि 'जुळे' तिला गुपचूप सोडून पुढे जात होतं. पोरानं खऱ्या फोल्डरवर चालवून बघितलं तेव्हा 'शून्य जोड्या' आलं होतं आणि त्याला वाटलं मामा उगाच ओरडतात. मला तर शून्याची भीती नव्हती. कापलेला पाथ योगायोगानं दुसऱ्याच एखाद्या खऱ्या फाईलवर जाऊन पडला तर काय, याची होती. पाथ लिहायला वापरलेलं एसएनप्रिंटएफ हे फंक्शन किती बाइट लागले असते ते परत सांगतं. तेही कुणी वाचत नव्हतं.

पाथवरून फाईल धरण्यापेक्षा ओपनअॅट हे फंक्शन वापरून डिरेक्टरीच्या हातानं फाईल धरली तर हा लांबीचा प्रश्नच मिटतो. पण ते पहिल्या फेरीत मागितलं नाही. आधीच शेरे बरेच झाले होते, आणि पोरगं मान हलवत होतं ते समजून की कंटाळून, हे मला कळेनासं झालं होतं. लागेल तेवढी मेमरी घे, म्हटलं.

मग त्यानं स्वतः एक तक्रार काढली. 'जुळे'ला वगळायची सोय होती, अमुक नावाचं फोल्डर सोड असं सांगायचं. 'हळद' वगळलं जायचं, 'नवऱ्याकडचे' वगळलं जायचं नाही. नाव तर डोळ्यांसमोर, अक्षर-न्-अक्षर तेच.

हे मी आधी पाहिलेलं होतं, आणि मराठीत बघायला मिळतं. 'नवऱ्या'तला तो अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे एकसंध अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१, आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. 'नवऱ्याकडचे' हे पहिल्या तऱ्हेनं ३० बाइट होतं, उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी ३३. कोणत्या कीबोर्डवरून, कोणत्या मशीनवर टाइप केलं त्यावर ठरतं. जुन्या मॅकची फाईल सिस्टिम, एचएफएस प्लस, तर नाव स्वतःच सुटं करून साठवायची. मामांच्या डिस्कवर 'नवऱ्याकडचे' नावाची दोन फोल्डर शेजारी-शेजारी होती, आणि लिनक्सच्या दृष्टीनं त्यात काहीच वावगं नव्हतं. त्याला नाव म्हणजे नुसते बाइट.

पोराला युनिकोड नॉर्मलायझेशनची, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं अक्षर एकसारखं करणारी, लायब्ररी जोडायची होती. तिनं पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. आणि चारशे ओळींच्या प्रोग्रॅमला एवढं वजन कशाला? वगळायच्या फोल्डरचा पाथ टर्मिनलवर टॅब दाबून पुरा करून घे, तो उघड, त्याचा डिव्हाइस आणि आयनोड नंबर लिहून ठेव, आणि फिरताना नंबर ताड. पुन्हा तोच गट नंबर.

दुसरी फेरी

आठ दिवसांनी दुरुस्तीचा पॅच आला. पुसून मग लिंक करण्याऐवजी त्यानं क्रम उलटा केला होता: आधी तात्पुरत्या नावानं लिंक करायची, मग रिनेमनं ते नाव 'दुसरी'च्या जागी बसवायचं. हे बरोबर. रिनेम एका फटक्यात होतं, मध्ये ते नाव नाही असा क्षण नसतो. लाईट जावो, काही होवो, 'दुसरी' एक तर जुनी असते नाहीतर नवी.

पण दोन फाईली एकच आहेत का हे त्यानं आयनोडनं न बघता रिअलपाथनं बघितलं होतं. रिअलपाथ टिंबं काढतं, सिमलिंक सोडवतं, त्यामुळे माझी 'हळद'वाली आज्ञा आता सुखरूप चालली. तो खूश.

"आता तीच आज्ञा परत दे," मी म्हटलं. "एकदा चालवलेल्या फोल्डरवर दुसऱ्यांदा."

दुसऱ्या फेरीत फोल्डरभर तात्पुरत्या नावांचा पसारा. तिसऱ्या फेरीत त्या पसाऱ्याचेही जुळे निघाले. आणि प्रत्येक वेळी 'जुळे' पुन्हा जागा वाचवल्याचं सांगत होतं.

आम्ही मॅन पेज, म्हणजे लिनक्सची माहितीपुस्तिका, काढून बघितलं. रिनेमबद्दल तिथं एक वाक्य आहे जे सहसा कुणी वाचत नाही: जुनं नाव आणि नवं नाव एकाच फाईलच्या हार्ड लिंक असतील तर रिनेम काहीही करत नाही, आणि काम झालं म्हणून सांगतं. पहिल्या फेरीत 'पहिली' आणि 'दुसरी' एकाच आयनोडच्या दोन लिंका झाल्या होत्या. रिअलपाथ वेगळे, आयनोड एक. दुसऱ्या फेरीत तात्पुरती लिंक त्याच आयनोडला, रिनेमनं काही केलं नाही, तात्पुरतं नाव तसंच राहिलं.

तात्पुरतं नाव तो मूळ नावाला शेपूट जोडून करत होता, तेही चालणार नव्हतं. ईएक्सटी४वर, लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिमवर, एका नावाला २५५ बाइटची मर्यादा. लांब मराठी नाव तिच्या काठावर असलं की शेपटीला जागा उरत नाही. छोटं, नव्यानं बनवलेलं नाव घे.

यानंतर आयनोडची तपासणी त्यानं घातली, आणि यावेळी का घालतोय ते तोच मला सांगत होता.

मामांची डिस्क

मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर पहिल्या रविवारी विचारायला हवा होता. मामांच्या डिस्कची फाईल सिस्टिम कोणती?

एक्सफॅट. टीव्हीला लावावी लागते, अल्बमवाल्याच्या मॅकलाही लावावी लागते, म्हणून.

एक्सफॅटवर हार्ड लिंक होतच नाही. ज्या डिस्कसाठी हे सगळं लिहिलं, तिथं लिंक फंक्शन नकार देऊन परत येणार. मी एक पेनड्राइव्ह एक्सफॅट करून त्यावर त्याचा पहिला, रविवारचा कोड चालवला. अनलिंक झालं, लिंक फसली, पुढची जोडी, अनलिंक, लिंक फसली. 'सिलेक्शन' फोल्डर कोरं. ओरिजनल शिल्लक होते, पण पार्टीनं रात्र घालवून काढलेली निवड गेली असती. नव्या कोडात लिंक आधी असल्यामुळे फक्त एररच्या ओळी आल्या आणि फोटो जागच्या जागी राहिले.

एक्सफॅटवर दुसरीही एक गंमत आहे. फॅटच्या घराण्यात आयनोड नंबर डिस्कवर लिहिलेलाच नसतो. लिनक्स तो फाईल मेमरीत आणताना मनानं देतं. फाईल मेमरीतून गेली की पुढच्या वेळी तिला दुसरा नंबर मिळू शकतो. म्हणून दोन्ही फाईली उघड्या धरून, उघड्या फाईलची माहिती देणाऱ्या एफस्टॅटनं, एकाच वेळी नंबर ताडायचे. गट नंबराचा माझा दाखला इथं लंगडा पडला, आणि पोरानं ते बोलून दाखवलं.

ईएक्सटी४ची डिस्क असती तरी मी मामांना हार्ड लिंक सुचवली नसती. 'सिलेक्शन'मधला फोटो कारागीर उघडतो, रंग सुधारतो, सेव्ह करतो. काही प्रोग्रॅम नवी फाईल लिहून तिला जुनं नाव देतात, काही जागच्या जागी लिहितात. एक्झिफटूल या फोटोची माहिती बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर दोन्हीसाठी वेगळे पर्याय आहेत. जागच्या जागी लिहिलं की हार्ड लिंकमुळे 'ओरिजनल'ही बदलणार. कॉपी काढली होती ती याचसाठी की मूळ फोटोला हात लागू नये. बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस या फाईल सिस्टिमवर रिफलिंक (बदल होईपर्यंतच जागा वाटून घेणारी कॉपी) केली तर हा प्रश्न येत नाही, मजकूर बदलला की तिथं वाटा वेगळ्या होतात. पण ती डिस्क टीव्हीला लागणार नाही.

मामांना फोन लावला. त्यांचं उत्तर सरळ होतं. पेनड्राइव्हसाठी काढलेल्या कॉप्या पार्टी माल घेऊन गेली की पुसल्या तरी चालतात. ओरिजनल आणि सिलेक्शनला बोट लावायचं नाही. "मला नुसती यादी द्या, कुठं कुठं काय पडलंय त्याची. पुसायचं मी बघतो."

तेव्हा 'जुळे' आता आपण होऊन काही पुसत नाही, काही जोडत नाही. नुसतं चालवलं तर यादी देतं. जोडणी वेगळा पर्याय दिला तरच होते, आणि फाईल सिस्टिमला लिंक जमत नसली तर पहिल्याच जोडीला थांबते. टेस्ट चौदाच्या एकवीस झाल्या. त्यातल्या तीनमध्ये फोल्डरचं नाव 'नवऱ्याकडचे' आहे, तिन्ही तऱ्हांनी.

यादी सीएसव्हीमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन: एक्सेलमध्ये उघडली तर मराठीचा एक शब्द लागत नाही, नुसते किडे-मुंग्या. सीएसव्हीच्या सुरुवातीला युटीएफ-८ची खूण नसली की एक्सेल असं करतं. ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट फाईलच्या तोंडाशी लिहायचे. पोरानं संध्याकाळी हॉस्टेलवरून एका ओळीचा पॅच पाठवला, मी जेवता जेवता मोबाईलवरच मंजूर केला.